रिकाम्या खात्यावर दोन ताटं

१

बायकोच्या कबरीवर बसवायच्या दगडाचे पैसे काढायला रेनो लाम्पिनेन बँकेत गेला, आणि पैसे पुरेसे नाहीत हे त्याला काउंटरवर उभ्या उभ्या कळलं.

"थोडे आहेत, मिस्टर लाम्पिनेन," काउंटरमागची कॉरिन म्हणाली. "पण दगडाइतके नाहीत."

"असायला पाहिजेत. डेल्फिन गेली तेव्हा मी स्वतः बघितले होते. तेव्हापासून त्या बचत खात्याला मी हात लावलेला नाही."

हे खरं होतं. डेल्फिन फेब्रुवारीत वारली. सुपीरियर सरोवराच्या काठी फेब्रुवारीत जमीन खणता येत नाही, म्हणून तिला पुरायला मे उजाडला. आता जुलै होता. दगड रेनोने निवडून ठेवला होता. काळा, रुंद, दोन नावांचा. डावीकडे तिचं, उजवीकडे त्याचं. त्याच्या नावाखालची एक तारीख तेवढी रिकामी राहणार होती.

कॉरिनने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. बचत खात्यातून दर महिन्याला रक्कम बाहेर गेली होती, आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी: डेल्फिनच्या चालू खात्यात.

"त्या खात्यात काही नाही," रेनो म्हणाला. "मार्चमध्ये मीच त्यातले पैसे काढून शवपेटीवाल्याला दिले. खातं बंद केलं नाही एवढंच. चेकबुकावर तिचं नाव छापलेलं आहे, ते फाडावंसं वाटलं नाही."

"रिकामं आहे म्हणूनच तर हे झालं. तुमची ही दोन खाती जोडलेली आहेत. त्याला ओव्हरड्राफ्ट प्रोटेक्शन म्हणतात. चालू खात्यातून कोणाला पैसे जायची वेळ आली आणि तिथे नसले, की बँक बचतीतले तेवढे उचलून तिथे टाकते. कोणाचं देणं परत जाऊ नये म्हणून."

"हे मी कधी सांगितलं?"

"सही तुमची आहे."

मग त्याला आठवलं. फार वर्षांपूर्वी त्याचा एक चेक न वटता परत आला होता. टायरवाल्याने तो दुकानातल्या कॉफीच्या किटलीमागच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा टाचणीने लावून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी रेनो बँकेत येऊन म्हणाला होता, पुन्हा असं होता कामा नये. बँकेने त्याचं ऐकलं होतं. तो विसरला, बँक विसरली नव्हती.

"पण आता देणं कुणाचं जातंय?"

"एका क्रेडिट कार्डाचं. बिल येईल तेवढं सगळं, आपोआप. कार्ड मिसेस लाम्पिनेन यांच्या नावावर आहे."

"ती मेली आहे, बाई."

"हो," कॉरिन हळूच म्हणाली. "पण तिचं कार्ड मागच्या शुक्रवारीसुद्धा चाललंय."

२

शेजारची इर्मा केटोला जिल्हा पोलिसात आख्खी नोकरी काढून निवृत्त झाली होती. गावात कोणाची बोट हरवली किंवा कोणाचा मुलगा रात्री घरी आला नाही तर लोक अजूनही आधी तिच्याकडे येत, मग पोलिसांकडे जात. ती आली ती वेलदोड्याचा पाव काखेत मारूनच. कॉफी स्वतःच ओतून घेतली.

रेनोने कॉरिनकरवी कार्डाच्या खर्चाचा तपशील मागवला होता. कागद टेबलावर पडले होते. त्याने ते एकदाच वाचले होते, आणि त्यानंतर जेवला नव्हता.

"बर्च पॉइंट सपर क्लब," इर्मा वाचत गेली. "लायलचं जेवणघर. दर शुक्रवारी. रक्कम बघता दोन ताटं. आणि हे काय? न्हावी. पुरुषाचे दोन शर्ट. पुरुषाचे बूट, नाडी नसलेले."

"पुढे वाच. मागे जा."

ती मागे गेली. जानेवारी. डिसेंबर. त्याच्या मागचं वर्ष. खर्च डेल्फिनच्या मरणानंतर सुरू झालेला नव्हता. दोन वर्षं चालू होता. शुक्रवार, दोन ताटं. शुक्रवार, दोन ताटं.

"अरे," इर्मा म्हणाली.

"तुला पण तेच वाटलं ना, जे मला वाटलं?"

"मला अजून काही वाटलेलं नाही. मी पाव खातेय. शुक्रवारी ती कुठे जायची?"

"गाण्याच्या सरावाला. सेंट अ‍ॅनच्या चर्चमध्ये. ती कॅथलिक, मी लुथरन. त्या दारातून मी कधी आत गेलो नाही. आमचं लग्नसुद्धा कोर्टात झालं, तिचा घटस्फोट झालेला म्हणून."

"घटस्फोट म्हणजे अरमांड लाव्हिन."

रेनोने कप खाली ठेवला. ते नाव या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. अरमांड लाकडाच्या गिरणीत कामाला होता. त्याला सोडून डेल्फिन रेनोकडे आली. रेनो तेव्हा सरकारची बर्फ काढायची गाडी चालवायचा. अरमांड डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात निघून गेला आणि गावाने त्याचा विषय सोडून दिला. रेनोने मात्र सोडला नव्हता. जुन्या फोटोंच्या पेटीत एक फोटो अर्धा कापलेला होता. तो कोणी कापला हे घरात दोघांनाही माहीत होतं.

"तो डेट्रॉइटला आहे," तो म्हणाला. "मेलाही असेल. माझ्या मनात दुसरा आहे."

"एक गोष्ट बघ." इर्माने दोन कागद शेजारी ठेवले. "ती होती तोवर हे बिल तिच्या चालू खात्यातून जायचं. त्यात पैसे कुठले?"

"गोधड्यांचे. उन्हाळ्यात पर्यटकांना विकायची. तिचे स्वतःचे."

"म्हणजे तिने तुझ्या बचतीतला एक सेंट घेतला नाही. तू मार्चमध्ये तिचं खातं रिकामं केलंस, आणि तेव्हापासून बिल तुझ्यावर पडायला लागलं. कार्ड वापरणाऱ्याला हे ठाऊकही नसेल. त्याला वाटत असेल, तिचेच पैसे आहेत."

"हे जास्त वाईट," रेनो म्हणाला. "माझे चोरले असते तर मी तिच्यावर ओरडलो तरी असतो. स्वतःच्या शिवणाच्या पैशातून तिने कुणाला तरी बूट घेतले. मला तिने बूट कधी घेतले नाहीत."

"तुझे पाय असे आहेत की तुला बूट दुकानात जाऊनच घ्यावे लागतात."

तो हसला नाही. त्याने फोन उचलून दगडवाल्याला लावला आणि सांगितलं, डावीकडचं नाव कोर, उजवीकडचं थांबव. दगडवाला म्हणाला, दोन नावांचा दगड एका नावाने बरा दिसणार नाही, अर्धा कोरा राहील. रेनो म्हणाला, राहू दे कोरा.

इर्माने हे सगळं ऐकलं. पाव गुंडाळला आणि उठली.

"चल. ज्याचं नाव तुझ्या ओठावर आहे त्याच्याकडेच आधी जाऊ."

३

व्हर्जिल स्टेनमार्क सेंट अ‍ॅनचं गाणं बसवायचा. वयाची सत्तरी ओलांडली तरी केस दाट होते आणि आवाजही जागेवर होता. रेनोला त्याची दोन्ही गोष्टींसाठी चीड होती. तो अंगणात बोट उलटी घालून तिला रंग देत होता.

"रेनो लाम्पिनेन माझ्या अंगणात," तो म्हणाला. "बर्फ तर पडलेला नाही."

"तू तिच्या अंत्यविधीला रडलास," रेनो म्हणाला.

"रडलो. तू रडत नव्हतास. कोणीतरी रडायला नको?"

इर्मा मध्ये पडली. "व्हर्जिल, शुक्रवारच्या सरावाचं सांग."

"सराव गुरुवारी असतो. मी आलो तेव्हापासून गुरुवारीच."

रेनो उलट्या बोटीला धरून उभा राहिला. हाताला ओला रंग लागला.

"आणि डेल्फिन?"

"डेल्फिनने गाणं सोडून दोन वर्षं झाली. म्हणाली, घसा गेला. मी म्हटलं, घसा गेला तरी ये, नुसती उभी राहा. नाही आली." त्याने ब्रश डब्यात ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तिने तुला सांगितलं नव्हतं?"

"बर्च पॉइंटला तूच तिच्याबरोबर जेवत होतास."

"मी?" व्हर्जिल आता खरंच हसला. "शुक्रवारी तिथे मासा सोडून काय मिळतं? माशाचा वास आला तरी माझं अंग सुजतं. हिला विचार."

"खरं आहे," इर्मा म्हणाली. "चर्चच्या जेवणात एकदा चुकून खाल्ला होता. मीच याला सायरन वाजवत दवाखान्यात नेलं. तोंड भोपळ्याएवढं झालं होतं."

रेनोला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. व्हर्जिलचा राग करायची त्याला सवय होती. आता तो राग कुठे ठेवायचा हे त्याला कळेना.

"आवडायची मला ती," व्हर्जिल म्हणाला. "सगळ्यांनाच आवडायची. मी रडलो म्हणून तू माझ्याकडे आलास. त्या दिवशी खरं तर रडायला हवं होतं ते ओडिलने, तिच्या बहिणीने. ती तर दगडासारखी बसली होती. अर्थात तिचंही बरोबर आहे. अरमांड लाव्हिन त्या घरी आधी ओडिलसाठी यायचा. डेल्फिनने नुसतं बघितलं आणि तो तिचा झाला. आणि मग तिनेही त्याला ठेवला नाही, बर्फवाल्यासाठी सोडला. बहिणीचा माणूस घ्यायचा आणि टाकून द्यायचा. मी ओडिल असतो तर मीही रडलो नसतो."

परतताना गाडीत रेनो म्हणाला, "व्हर्जिल नाही, तर मग कोण?"

"ते ताट वाढणाऱ्याला विचारू," इर्मा म्हणाली.

४

बर्च पॉइंटचा मालक लायल बारमागे ग्लास पुसत होता. दुपार होती, जागा रिकामी होती. त्याने कार्डावरचं नाव ऐकलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"इर्मा, तुला माहीत आहे. इथे कोण कुणाबरोबर बसतं हे मी सांगायला लागलो तर गावातली अर्धी लग्नं मोडतील आणि माझा सगळा धंदा बसेल."

"नाव नको सांगूस. ते दोघं काय पितात ते सांग."

"पितात?"

"ब्रँडी, बिअर. बारवर किती वेळ बसतात?"

"बारवर येतच नाहीत. दारातून सरळ टेबलावर."

इर्माने रेनोकडे बघितलं. रेनोला त्यात काही दिसलं नाही. पण बर्च पॉइंटला शुक्रवारी कोणी सरळ टेबलावर जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं. आधी बारवर बसायचं, ग्लास हातात घ्यायचा, शेजाऱ्याची निंदा करायची, आणि मग कधीतरी लायलची बायको येऊन म्हणणार, तुमचं टेबल तयार आहे. जेवण हे निमित्त. लोक येतात ते त्या तासासाठी.

"गर्दी व्हायच्या आधी येतात का?"

"सगळ्यांच्या आधी. उन्हं वर असताना. आणि कोणी यायच्या आत जातात."

"लपूनछपून," रेनो म्हणाला.

"तसं म्हण," लायल म्हणाला.

"मासा कसा देता?" इर्माने विचारलं.

"एकाला नेहमीसारखा. दुसऱ्याला काटे काढून, बारीक करून. तळलेला बटाटा नाही, लगदा." त्याने पुढचा ग्लास उचलला. "इर्मा, पुरे आता."

"शेवटचं. सही कोण करतं?"

"कार्डावर नाव आहे तीच. डेल्फिन लाम्पिनेन."

"ती मे महिन्यापासून जमिनीत आहे," रेनो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तिच्या नावाने कोण सही करतंय ते तू बघत नाहीस?"

लायलने फडकं खांद्यावरून काढलं आणि घडी घातली. रेनोकडे न बघता तो म्हणाला, "सहीचं सोड. तिच्याबरोबरचा माणूस तिला हाकच डेल्फिन म्हणून मारतो. मोठ्याने, आमच्यासमोर. माझी बायको आत जाऊन रडते."

५

इर्माने किल्ली हातातच ठेवली, गाडी सुरू केली नाही.

"लपणारी माणसं बारच्या अंधारात बसतात," ती म्हणाली. "उजेडातल्या टेबलावर नाही. ज्याला उंच स्टुलावर बसवता येत नाही आणि ज्याला दारू द्यायची नसते, त्याला सरळ टेबलावर नेतात. बुटाला नाडी नाही, म्हणजे नाडी बांधता येत नाही. माशाचे काटे दुसऱ्याने काढायचे. आणि जेवण उन्हं असताना, कारण संध्याकाळच्या गोळ्यांच्या आत त्याला परत पोचवायचं असतं. तुझ्या बायकोचा तो यार नव्हे, रेनो. तो वृद्धाश्रमातला म्हातारा आहे."

"म्हातारा यार नसतो?"

"असतो. पण जो आज एका बाईला डेल्फिन म्हणतो, त्याला डेल्फिन मेली हे कळलेलं नाही, किंवा कळून लक्षात राहिलेलं नाही. आणि ज्या बाईला तो डेल्फिन समजतो ती डेल्फिनसारखी दिसत असली पाहिजे. तिच्याकडे डेल्फिनचं कार्ड आहे. अंत्यविधीनंतर डेल्फिनची पर्स कोणी नेली?"

पर्स रेनोनेच दिली होती. बघवत नव्हती म्हणून. पर्स घेणारी म्हणाली होती, कार्डवाल्यांना मी कळवते, तू त्रास घेऊ नकोस.

"आणि आता मला सांग," इर्मा म्हणाली, "डेल्फिनला नुसतं डेल्फिन म्हणून, बायको असल्यासारखी हाक मारणारे पुरुष या जगात किती? एक तू."

"तो डेट्रॉइटला आहे," रेनो म्हणाला.

"म्हातारपणी लोक परत येतात."

ते सरळ ओडिलच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि दोघांना बघून बाजूला झाली. डेल्फिनचं कपाळ, डेल्फिनची हनुवटी. फक्त हे तोंड वर्षानुवर्षं मिटलेलं राहिल्यासारखं होतं. रेनोने आजवर तिच्याकडे नीट बघायचं टाळलं होतं, आणि आता तेच बघत होता.

"अरमांड परत आला, हो ना," इर्मा म्हणाली.

"दोन वर्षं झाली. खाडीपलीकडच्या वृद्धाश्रमात. भाच्याने आणून सोडलं." ओडिल खुर्चीवर बसली. "त्यांनी विचारलं, घरचं कोण आहे. तो म्हणाला, बायको आहे, डेल्फिन. त्यांनी तिला फोन केला."

"मला सांगितलं नाही तिने."

"तुला? बाहेर कुठे त्याचं नाव निघालं तरी तू दोन दिवस जेवत नव्हतास. फोटो तू कापलास, रेनो. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसावर तू अजून जळत होतास, आणि ती म्हणायची, जळू दे, त्यात मला बरं वाटतं. पण हे सांगायची तिला हिंमत झाली नाही."

"का जायची ती?"

"त्याला बाकी सगळं आठवत होतं. ती सोडून गेली तेवढं आठवत नव्हतं. ती त्याला ते पुन्हा कसं सांगणार? एकदा सांगितलं होतं तेवढं पुरे नव्हतं?" ओडिलने टेबलावरून हात फिरवला. "शुक्रवारी त्याला मासा हवा असायचा. ती जायची, परत येताना माझ्याकडे थांबायची. या बेसिनवर हात धूत राहायची, वास जाईपर्यंत. म्हणायची, रेनोला कळलं तर त्याला वाटेल मी परत गेले. मी त्या म्हाताऱ्याकडे जाते तेव्हा घड्याळ बघत असते, ओडिल, रेनोच्या जेवणाची वेळ होते म्हणून."

रेनोने बेसिनकडे बघितलं. शुक्रवारी ती घरी आली की साबणाचा वास यायचा. हा साबण कुठल्या घरचा असं त्याने विचारलं नव्हतं. मनात मात्र ठेवलं होतं.

"आणि तू?" इर्माने विचारलं. "तू कशाला गेलीस?"

"सांगायला गेले होते. डेल्फिन वारली म्हणून." ओडिलचा आवाज सपाट होता. "त्याने मान वर केली आणि म्हणाला, डेल्फिन, उशीर केलास. आणि असा हसला... मी चाळीस वर्षांहून जास्त वाट बघितली, त्याने माझ्याकडे तसं बघावं म्हणून. शेवटी बघितलं, तर तिलाच बघितलं. मी काय करायला हवं होतं? बसले. त्याचे काटे काढले."

"तिच्या कार्डावर," रेनो म्हणाला.

"ती म्हणाली होती, ते आपोआप भरलं जातं, माझेच पैसे आहेत, मी नसले तरी त्याचा मासा बंद करू नकोस. तुझे जातायत हे मला ठाऊक नव्हतं. परत देईन. पण सही मी तिच्या नावाने केली, हे खरं आहे. मला स्वतःचं नाव लिहिता आलं असतं, माझे पैसेही देता आले असते. पण शुक्रवारी मला ओडिल व्हायचं नव्हतं."

इर्माने चष्मा काढला. "रेनो, हा गुन्हा आहे. तू तक्रार केलीस तर पोलिसांना ती घ्यावी लागेल, आणि हिला कोर्टात उभं राहावं लागेल. नाही केलीस तर हे स्वयंपाकघरात संपलं. तुझ्यावर आहे."

रेनोला राग येत होता आणि कोणावर ते ठरत नव्हतं. अरमांडला ती दर शुक्रवारी मिळाली होती. ओडिलला तिचं नाव मिळालं होतं. या दोघांकडे अजूनही तिचं काहीतरी चालू होतं. त्याच्याकडे एक रिकामं खातं होतं आणि अर्धा कापलेला फोटो.

"कार्ड दे," तो म्हणाला.

ओडिलने पर्स आणली. तीच पर्स. कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"तक्रार नाही," रेनो म्हणाला. "पण तिचं नाव पुन्हा लिहायचं नाही. कुठेच."

"आणि शुक्रवारी त्याला काय सांगू?"

तो दारापर्यंत गेला होता. बाहेर पडला आणि दार मागे ओढून घेतलं.

६

दुसऱ्या दिवशी त्याने कार्ड बंद केलं. कॉरिन म्हणाली, जोडलेली खाती सोडवायची का, आणि तो म्हणाला, सोडवा, आता परत जायला कोणाचा चेक नाही. मग दगडवाल्याकडे गेला आणि सांगितलं, उजवीकडचं नावही कोर. दगडवाला म्हणाला, तुमचं काहीच एक नसतं. ओडिलने पाकिटात घालून पहिला हप्ता आणून दिला, तो त्याने घेतला. नको वगैरे म्हणाला नाही.

शुक्रवारी तो बर्च पॉइंटला गेला. बारवर न थांबता.

खिडकीपाशी एक म्हातारा बसला होता. नीट विंचरलेले केस, नवा शर्ट, नाडी नसलेले बूट. खांदे एके काळी रुंद असणार हे दिसत होतं. रेनोने चाळीस वर्षं ज्या माणसाचा राग केला होता तो याच्याहून बराच मोठा होता.

रेनो समोरची खुर्ची ओढून बसला.

"ही जागा घेतलेली आहे," अरमांड म्हणाला. "बायको येतेय. गाडी लावायला गेली आहे."

"ती आली की उठतो."

"मग बस." त्याने रेनोला निरखून बघितलं. ओळख नव्हती. "तूही कुणाची वाट बघतोयस?"

"बायकोची."

"उशीर करते?"

"नाही. कधीच नाही. माझ्या जेवणाच्या वेळेच्या आत घरी असायची. घड्याळ बघत असायची."

"माझी उशीर करते," अरमांड म्हणाला, आणि जरा पुढे वाकला. "पण दिसायला अशी आहे की माणूस थांबतो. तुझी कशी आहे?"

"तुझ्या बायकोपेक्षा चांगली," रेनो म्हणाला.

"शक्य नाही."

"माझी गाते."

"माझी पण गाते."

"माझी गोधड्या शिवते."

अरमांड विचारात पडला. हे त्याच्याकडे नव्हतं. रेनोला मोठं समाधान वाटलं. एका हरवलेल्या म्हाताऱ्यावर मिळवलेला विजय होता आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

दार उघडलं. दोघांनीही मान वळवली. कोणीतरी अनोळखी जोडपं होतं, ते बारकडे गेलं. दोघं पुन्हा सरळ बसले. ताट आलं. काटे काढलेला पर्च मासा, बटाट्याचा लगदा. अरमांडने हात लावला नाही. ती आल्याशिवाय नाही, म्हणाला.

पुन्हा दार उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं आणि उन्हात एक बाई उभी राहिली. चेहरा दिसत नव्हता, नुसती बाह्यरेखा. डेल्फिनचे खांदे, डेल्फिनची उभं राहायची ढब. रेनो खुर्चीतून अर्धा उठला.

दार मिटलं. ती ओडिल होती. रेनोला बघून जागच्या जागी थबकली.

"डेल्फिन," अरमांड म्हणाला. "उशीर केलास."

रेनोने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. असा चेहरा एकदा आपलाही व्हावा म्हणून त्याने स्वतःचं घर दिलं असतं, पेन्शन दिलं असतं, उरलेलं सगळं दिलं असतं. तो उठून बाजूला झाला आणि खुर्ची ओडिलसाठी सरकवली. ओडिल आली, बसली, काटाचमचा हातात घेतला. रेनो मात्र उभाच होता, आणि तिच्या मागच्या मिटलेल्या दाराकडे बघत होता.

अरमांडच्या ते लक्षात आलं. त्याने शेजारच्या टेबलाची एक खुर्ची पायाने जवळ ओढली आणि आपलं ताट रेनोच्या बाजूला सरकवलं.

"बस रे," तो म्हणाला. "तुझीही येईल. तोवर खाऊन घे."